इन्व्हर्टरचा बॅकअप घटला? नवी बॅटरी घेण्याआधी हे क्रमाने तपासा

हे सगळं घरगुती इन्व्हर्टरला लावलेल्या, पाणी घालायच्या १२ व्होल्टच्या ट्युब्युलर बॅटरीबद्दल आहे. आकडे १५० एएचच्या (ॲम्पियर-अवर, म्हणजे बॅटरी किती वीज साठवते त्याचं माप) बॅटरीचे धरलेत. सीलबंद एसएमएफ बॅटरी असेल तर पाण्याचा आणि ग्रॅव्हिटीचा (आतल्या ॲसिडच्या घट्टपणाचा) भाग सोडून द्या, बाकीचं लागू पडतं.

तक्रार बहुतेक वेळा एकच असते: पूर्वी लाइट गेली की चार तास निघायचे, आता अर्ध्या तासात इन्व्हर्टर ओरडायला लागतो. दुकानात फोन केला की उत्तरही ठरलेलं, "बॅटरी गेली, बदला." पण कमी झालेलं पाणी, गंजलेलं टर्मिनल, अर्धवट चार्जिंग, नकळत वाढलेला लोड, यांतलं काहीही असलं तरी बाहेरून लक्षण हेच दिसतं. मूळ कारण तसंच ठेवून नवी बॅटरी बसवली तर तीही दोन वर्षांत जुनीच्याच वाटेने जाते.

लक्षणं, आणि ती कुठे बोट दाखवतात

- बॅकअप महिन्यामहिन्याने हळूहळू घटत गेला: पाणी, अपुरं चार्जिंग किंवा वय.
- परवापर्यंत ठीक होतं, आज अचानक दहा मिनिटांत बंद: लूज टर्मिनल, उडालेला फ्यूज किंवा एखादा सेल (बॅटरीच्या सहा कप्प्यांपैकी एक) गेलेला.
- पंखे-दिवे चालतात, पण मिक्सर किंवा फ्रिज सुरू झाला की लगेच "लो बॅटरी": टर्मिनल किंवा केबल.
- लाइट आल्यावर तासाभरात "फुल चार्ज" दिसतं आणि लाइट गेल्यावर तितक्याच झटपट बॅटरी उतरते: आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट (अर्धवट चार्जिंगने जमणारा कडक थर) बसलंय. गाळाने भरलेली विहीर पहिल्या पावसात काठोकाठ दिसते, पण दोन मोटांत तळ लागतो, तसं.
- चार्जिंग कधीच पूर्ण होत नाही, बॅटरी गरम लागते, पाणी भराभर आटतं: एक सेल शॉर्ट किंवा चार्जर जास्त व्होल्टेज देतोय.
- घरात लाइट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर चालतो: व्होल्टेज कमी आहे किंवा मोडचं बटण चुकीचं आहे.
- सहापैकी एकाच सेलचं पाणी पुन्हा पुन्हा कमी होतं: तो सेल किंवा त्याच्या बाजूचा डबा तपासायला हवा.

आधी हे बघा, आणि असेल तर इथेच थांबा

बॅटरीचा डबा फुगलाय, तडा जाऊन ॲसिड झिरपतंय, बॅटरीला हात लावून ठेवता येत नाही इतकी गरम आहे, किंवा खोलीत सडक्या अंड्यासारखा वास येतोय, यांपैकी काहीही असेल तर पुढची एकही तपासणी स्वतः करायची नाही. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो, विषारी असतो, आणि बॅटरी बेसुमार चार्ज होतेय असं सांगतो. त्यासोबत हायड्रोजनही बाहेर पडत असतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. खिडक्या-दारं उघडा, मुलांना बाहेर काढा, थोडी हवा खेळू द्या, मग घराच्या मेन बोर्डावरून इन्व्हर्टरचा एमसीबी पाडा आणि बॅटरीवाल्याला बोलवा. बॅटरीजवळची बटणं दाबत बसू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. जागा वाचते म्हणून बॅटरी देवघराखालच्या कपाटात ठेवलेली पुष्कळ घरांत दिसते. वर निरांजन, उदबत्ती आणि खाली बंद कपाटात गॅस सोडणारी बॅटरी. ती तिथून आजच हलवा. जिन्याखाली किंवा पॅसेजमध्ये हवा खेळेल अशी जागा चालते. गॅसच्या शेगडीजवळ आणि ऊन येणाऱ्या बाल्कनीत नको.

१. लोड मोजा (खर्च शून्य)

बॅटरी तीच आहे, पण घर तेच आहे का? दोन वर्षांत एक पंखा वाढतो, राउटर येतो, मोठा टीव्ही येतो, वायरमन स्वयंपाकघराचं काम करताना फ्रिजचा पॉइंट इन्व्हर्टर लाइनवर टाकून जातो. मेन स्विच पाडा आणि घरभर फिरून काय काय चालू राहिलंय ते कागदावर लिहा.

जुना सीलिंग फॅन साधारण ७५ वॅट खातो, एलईडी बल्ब ९, राउटर १०. तीन पंखे, पाच बल्ब आणि राउटर मिळून २८० वॅट. इन्व्हर्टर स्वतः जवळपास पाचवा हिस्सा गिळतो, म्हणजे बॅटरीतून ३५० वॅट, १२ व्होल्टला सुमारे २९ ॲम्पियर. एवढ्या लोडवर नवी, पूर्ण चार्ज झालेली १५० एएचची बॅटरी चार तासांच्या आसपास जाते.

इथे बरेच जण म्हणतात, "१५० भागिले २९, पाच तास यायला हवेत." नाही येत. बॅटरीवर छापलेले १५० एएच बहुधा सी-२० दराचे असतात. ७.५ ॲम्पियर इतक्या हळू काढले तर २० तासांत १५०. जोरात उपसाल तितकं कमी मिळतं. २९ ॲम्पियरने काढलं तर हाती ११५च्या आसपास लागतात. त्यात १५० वॅटचा फ्रिज चालू राहिला तर बॅकअप दोन-सव्वादोन तासांवर येतो, आणि त्यात बॅटरीचा काही दोष नसतो.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की ते तीन पंखे ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) केले तर सगळा लोड १४५ वॅटवर येतो आणि तीच बॅटरी आठ तासांपर्यंत पुरते. बॅकअप वाढवायचा म्हणून दुसरी बॅटरी जोडायचा विचार असेल तर आधी पंखे बदला. विजेचं बिलही उतरतं.

२. इन्व्हर्टरची बटणं, फ्यूज आणि घरचं व्होल्टेज (खर्च शून्य)

मागच्या किंवा बाजूच्या पट्टीवर दोन बटणं असतात. एक मोडचं: यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको. यूपीएस मोडमध्ये घरचं व्होल्टेज साधारण १८०च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाइट नाकारतो आणि बॅटरीवर जातो. गावाकडे संध्याकाळी सगळीकडे एकदम दिवे-मोटारी लागतात, व्होल्टेज १६०-१७०वर येतं, आणि घरात लाइट असताना बॅटरी रिकामी होत राहते. मग रात्री खरंच लाइट जाते तेव्हा बॅटरीत काही उरलेलं नसतं. संगणकासाठी यूपीएस मोड लागतच नसेल तर बटण नॉर्मलवर करा. त्या मोडमध्ये इन्व्हर्टर बरंच कमी व्होल्टेजही चालवून घेतो.

दुसरं बटण बॅटरीच्या प्रकाराचं: फ्लॅट, ट्युब्युलर, एसएमएफ. बॅटरी ट्युब्युलर आणि बटण एसएमएफवर, ही चूक वारंवार सापडते. एसएमएफसाठी चार्जिंगचं व्होल्टेज मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. ट्युब्युलरला ते पुरत नाही, आणि बॅटरी रोज थोडी उपाशी राहते.

इन्व्हर्टरच्या मागचा इनपुट फ्यूज किंवा दाबायचं रिसेट बटणही याच वेळी बघा. तो उडालेला असेल तर चार्जिंगच होत नाही.

३. पाणी (खर्च एका कॅनचा)

प्रत्येक सेलच्या झाकणावर तरंगणारी दांडी असते. लाल खूण दिसली किंवा दांडी पूर्ण खाली बसली की पाणी कमी. दांडी मळाने अडकते आणि पाणी असल्याची खोटी खूण दाखवते, म्हणून वर्षातून एकदा तरी झाकण उघडून टॉर्चने आत बघा. माचीस किंवा मेणबत्ती अजिबात नको.

चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जातं. ॲसिड उडत नाही, आतच राहतं. म्हणून भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड कधीच नाही. प्लेटा उघड्या पडल्या की तेवढा भाग हवेत वाळतो, कडक होतो आणि पुन्हा कामाला येत नाही. बॅकअप कायमचा घटतो तो इथे.

पाणी भरण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्लेटा बुडालेल्या असतील तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, मग खुणेपर्यंत भरा. चार्ज होताना आतलं द्रावण फुगतं. आधीच काठोकाठ भरलं तर ते झाकणातून बाहेर येतं, आणि बाहेर येतं ते नुसतं पाणी नसतं, ॲसिड असतं. तेवढी ताकद कायमची गेली. प्लेटा उघड्या असतील तर मात्र फक्त बुडतील इतकंच पाणी आधी घाला, चार्ज करा, आणि मग खुणेपर्यंत आणा. फार दिवस दुर्लक्ष झालेल्या बॅटरीला सहा सेल मिळून दोन-तीन लिटर सहज लागतं.

घरी आरओचं पाणी आहे, एसीतून टपकणारं आहे, पावसाचं आहे, ते का नको? आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, नसतातच असं नाही. क्लोराइड प्लेटा खातं, लोह बॅटरीला आतल्या आत उतरवतं. एसीचं पाणी तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून धूळ घेऊन येतं. हा परिणाम आज दिसत नाही, सहा-आठ महिन्यांनी दिसतो, आणि तेव्हा तो उलटवता येत नाही. डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनवर वाचवलेले पैसे इथे फार महाग पडतात.

भरताना प्लास्टिकचं नरसाळं घ्या, चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं तर धुणं चालू ठेवूनच डॉक्टरकडे निघा.

दर दोन महिन्यांनी पाणी बघावं, उन्हाळ्यात दर महिन्याला. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ला टेकतो तेव्हा पत्र्याखालच्या खोलीतली बॅटरी दुप्पट वेगाने पाणी पिते आणि तिचं आयुष्यही तितक्याच वेगाने सरतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं.

४. टर्मिनल (खर्च खाण्याच्या सोड्याचा)

टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट-निळी बुरशीसारखी पूड जमलेली असेल तर तिकडे दुर्लक्ष करू नका. कोकणात खाऱ्या दमट हवेत ही पूड एका पावसाळ्यात बोटभर वाढते. ती वीज अडवते. किती, ते आकड्यात बघा: सांध्यात फक्त ०.०२ ओहम अडथळा आला आणि ४५ ॲम्पियर जात असतील तर ०.९ व्होल्ट तिथेच खर्ची पडतो, आणि सुमारे ४० वॅट उष्णता त्या एका बोल्टवर तयार होते. बॅटरीत ११.५ व्होल्ट असताना इन्व्हर्टरला १०.६ दिसतात. साधारण १०.५ला तो बॅटरी संपली म्हणून बंद होतो. खरं तर बॅटरीत अजून बराच जीव असतो.

साफ करायची पद्धत अशी:

1. इन्व्हर्टर समोरच्या बटणाने बंद करा, लाइटचा प्लगही काढा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.
2. आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी केबल सोडवा, मग लाल. पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून घ्या. पान्हा एकाच वेळी दोन्ही टर्मिनलना टेकला तर शेकडो ॲम्पियरची ठिणगी पडते आणि पान्हा लालभडक होतो.
3. सेलची झाकणं घट्ट बंद असल्याची खात्री करा. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासा. फेस थांबला म्हणजे ॲसिड संपलं. सोडा सेलच्या आत एक थेंबही जाता कामा नये, आतलं ॲसिड तो मारून टाकतो.
4. साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. शिशाचा खांब आणि केबलच्या टोकाचं चपटं लग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा.
5. आधी लाल, शेवटी काळी केबल घट्ट बसवा. लग हाताने हलता कामा नये, पण शिसं मऊ असतं, त्यामुळे पान्ह्यावर सगळं वजन टाकू नका. वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्या. ग्रीस नको.

मग लोड चालू करून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक शिशाच्या खांबाला, दुसरं त्यावरच्या लगला. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर सांधा अजून खराब आहे. लगमध्ये तारच सैल झाली असेल तर वायरमनकडून नवं लग दाबून घ्या. इन्व्हर्टर दूर ठेवायचा म्हणून बॅटरीच्या केबलला जोड देऊन ती लांबवलेली असेल तर तेही काढून टाका. १२ व्होल्टला केबलची प्रत्येक फूट लांबी महाग असते.

५. चार्जिंग होतंय का? (मल्टिमीटर)

लाइट चालू, इन्व्हर्टर चालू, बॅटरीच्या खांबांवर मोजा. चार्जिंगच्या भरात व्होल्टेज चढत १४.२ ते १४.७पर्यंत जायला हवं, आणि पूर्ण भरल्यावर १३.५ ते १३.८वर स्थिर राहायला हवं. लाइट असूनही १२.३ दिसतंय आणि वाढत नाही, तर चार्जिंग बंद आहे. १५च्या वर जातंय, तर बॅटरी उकळतेय. ही दोन्ही चार्जर कार्डाची दुखणी. त्यासाठी इन्व्हर्टर उघडावा लागतो, आणि तो तुम्ही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात.

व्होल्टेज बरोबर आहे आणि तरी बॅकअप नाही, तर वेळ बघा. ८० टक्के उतरलेली १५० एएच बॅटरी १२ ॲम्पियरच्या चार्जरवर भरायला बारा-चौदा तास लागतात. रोज सहा-आठ तास लोडशेडिंग असेल आणि मधल्या तासांतही व्होल्टेज धड नसेल तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. शेवटचे १५-२० टक्के सगळ्यात हळू भरतात आणि तेच सगळ्यात गरजेचे. ते राहून गेले की प्लेटांवरचं सल्फेट विरघळत नाही, कडक स्फटिक होतं. शिवाय उंच बॅटरीत जड ॲसिड तळाशी आणि हलकं वर असे थर पडतात. पूर्ण चार्जिंगच्या शेवटी उठणारे बुडबुडेच ते घुसळून एकसारखं करतात.

चार्ज झाल्यावर केबल सोडून चार तास थांबा आणि व्होल्टेज बघा. इंटरनेटवर "फुल म्हणजे १२.७" असं वाचून पुष्कळ लोक घाबरतात. तो आकडा गाडीच्या बॅटरीचा, तिच्यात ॲसिड जास्त घट्ट असतं. आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी बनवलेल्या ट्युब्युलर बॅटरीत ते पातळ ठेवतात, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.५च्या आसपास दाखवते. १२.१ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. चार्ज होऊनही १०.५च्या आसपास अडकली असेल तर एक सेल शॉर्ट आहे.

६. ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटर)

सगळ्यात खरं बोलणारी तपासणी हीच. व्होल्टेज सहा सेलचं एकत्र दिसतं, हायड्रोमीटर (ॲसिडचा घट्टपणा मोजणारी काचेची नळी) एकेका सेलला विचारतो. बॅटरी पूर्ण चार्ज झालेली असावी. पाणी घातल्या घातल्या मोजू नका. ताजं पाणी वर तरंगतं आणि सगळे सेल मेलेले दिसतात. एक पूर्ण चार्जिंग होऊ द्या.

नळी सरळ उभी धरा, रबरी फुगा दाबून इतकंच द्रावण ओढा की आत तरंगणारी काचेची दांडी कडांना न टेकता मोकळी राहील. डोळे द्रावणाच्या पातळीत आणा, आकडा लिहा, आणि द्रावण त्याच सेलमध्ये परत सोडा. सहाही सेलचे आकडे पॉझिटिव्ह टोकापासून क्रमांक देऊन लिहायचे. पूर्ण भरलेल्या बॅटरीत २७ अंशांना साधारण १२४० येतो, तुमच्या बॅटरीच्या कार्डावर वेगळा असेल तर तो धरा. त्याहून गरम असेल तर दर १० अंशांना ७ मिळवा. उन्हाळ्यात ४२ अंशांच्या खोलीत १२३० दिसलं तर ते १२४०च आहे.

आता आकडे वाचा. सहाही १२३० ते १२४५: बॅटरी भरलेली आहे, पुढच्या तपासणीकडे जा. सहाही सारखेच पण ११८०-१२००: अर्धवट चार्जिंग किंवा सल्फेट, क्वचित पूर्वी ॲसिड सांडून त्याजागी पाणी भरलेलं. पाच १२३५ आणि एक ११८०: तो सेल गेला. इतरांपेक्षा ३० कमी असेल तर लक्ष ठेवा, ५० कमी असेल तर आशा नको. १२७०-१२८० दिसलं तर कुणीतरी "ताकद यावी" म्हणून ॲसिड ओतलंय. त्याने आकडा चढतो आणि प्लेटा लवकर झडतात.

सहाही सेल सारखेच कमी असतील तर बॅटरीला एक संधी द्या. इन्व्हर्टर लाइनचा सगळा लोड बंद ठेवून ३६ ते ४८ तास सलग चार्जिंग, दर सहा तासांनी ग्रॅव्हिटी. हळूहळू चढत असेल तर चालू ठेवा, लागोपाठ तीन वेळा आकडा हलला नाही की थांबा. दर वेळी डब्याला हात लावून बघा, ५० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. घरच्या चार्जरने जे होत नाही ते बॅटरीवाल्याच्या दुकानातल्या चार्जरवर कधी कधी होतं. तो कमी ॲम्पियरने, पण जास्त व्होल्टेजपर्यंत नेतो. व्हिडिओत दाखवतात ती एप्सम सॉल्टची, पावडरींची औषधं मात्र घालू नका. आकडा हलतो, बॅटरी सुधारत नाही, आणि वॉरंटी जाते ती वेगळी.

७. लोड देऊन बघा (खर्च नाही, वेळ लागतो)

पूर्ण चार्ज, मग तीन तास विश्रांती. मेन पाडा, ठरलेला २८० वॅटचा लोड लावा आणि दर पंधरा मिनिटांनी बॅटरीवरचं व्होल्टेज लिहा. चांगली बॅटरी पहिल्या तासाअखेर ११.८च्या वर असते. पंधरा मिनिटांतच ११.३च्या खाली घसरली, आणि पाणी, टर्मिनल, चार्जिंग सगळं नीट असल्याचं वर तपासून झालं असेल, तर बॅटरी खरंच संपली. तीन-चार वर्षं नीट सांभाळून हे झालं तर त्यात खंत वाटायचं कारण नाही. दीड वर्षात झालं तर वॉरंटी कार्ड काढा. "३६ अधिक १२" म्हणजे पहिल्या ३६ महिन्यांत मोफत बदलून, पुढच्या १२ महिन्यांत किमतीत सूट. तुम्ही लिहून ठेवलेले सहा सेलचे आकडे दुकानदारासमोर ठेवा, बोलणं सोपं होतं.

दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर असेल तर दोन्ही वेगवेगळ्या मोजा. चार्जिंगमध्ये एकीवर १३.६ आणि दुसरीवर १५ दिसत असेल तर पहिलीचा एखादा सेल शॉर्ट आहे, आणि ती दुसरीलाही मारतेय. जुनी-नवी जोडी लावू नका.

बॅटरीवाला किंवा वायरमन कधी बोलवायचा

सुरुवातीला सांगितलेले चार प्रकार, चार्जिंगचं व्होल्टेज १५च्या वर किंवा चार्जिंगच नाही, इन्व्हर्टरमधून जळका वास, इन्व्हर्टर लाइनवरची उपकरणं मेन पाडल्यावर विचित्र वागतात (न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात), आणि बॅटरी हलवायची असेल तेव्हा. ॲसिडसकट ती पन्नास-साठ किलोची असते. एकट्याने उचलू नका, आणि तिरकी तर मुळीच करू नका.

नवी घ्यायचीच ठरली तर

आधी पहिल्या तपासणीतला वॅटचा हिशेब, मग एएच. छापलेले एएच सी-१० (दहा तासांत उपसायच्या) दराचे की सी-२० दराचे, ते विचारून घ्या. सोलर जोडायचा बेत असेल तर सी-१० दराची घ्या. एकाच एएचच्या दोन बॅटऱ्यांत जड असलेलीत शिसं जास्त असतं, आणि शिसं म्हणजेच आयुष्य. डब्यावरच्या कोडवरून बनवल्याचा महिना दुकानदाराकडून वाचून घ्या, तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा. बसवायला आलेल्या माणसाकडून पूर्ण चार्जनंतरची सहाही सेलची ग्रॅव्हिटी कार्डावर लिहून घ्या. पुढच्या सगळ्या तुलना त्या सहा आकड्यांशी करायच्या असतात.

लिथियम बॅटरी कमी जागेत जास्त देते आणि पाणी मागत नाही, पण जुन्या इन्व्हर्टरचा चार्जर तिच्यासाठी बनवलेला नसतो. इन्व्हर्टरवर लिथियमची सोय लिहिलेली असेल तरच तिचा विचार करा.

बंद घर

गणपती झाले की कोकणातली कितीतरी घरं कुलूपबंद होतात. मेन स्विच पाडून लोक मुंबईला येतात आणि इन्व्हर्टर मात्र चालूच राहतो. तो काहीही न चालवता स्वतःपुरती वीज खातो, काही दिवसांत बॅटरी तळाला जाते आणि उन्हाळ्यापर्यंत तशीच पडते. सल्फेटला आणखी काय हवं! मे महिन्यात दार उघडतात तेव्हा बॅटरी दगड झालेली असते.

निघण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करून पाणी खुणेपर्यंत भरा. निघताना इन्व्हर्टर समोरच्या बटणाने बंद करून काळी केबल सोडवा, तिच्या टोकाला कापड गुंडाळा. सोडून ठेवलेली बॅटरीही महिन्याला तीन-पाच टक्के आपोआप उतरते, म्हणून शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर दिवाळीत आणि शिमग्याला एकेक दिवस चार्जिंगला लावायला सांगा. केबल कशी जोडायची ते आधी त्यांना समोर उभं करून दाखवा: आधी सगळं बंद, मग काळी केबल, मग इन्व्हर्टर.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, अंगणात फोडून शिसं काढू देऊ नका. नवी घेताना जुनीचे पैसे वजा करून मिळतात, आणि २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. दुकानदाराला द्या आणि पावतीवर ती नोंद करून घ्या.